म्हसवडची सायकल आणि व्हॉल-ट्यूबचा तुकडा

माणदेशात सायकलचं चाक बसलं की दोष जातो सराट्याला, नाहीतर वेड्या बाभळीच्या काट्याला. म्हसवडच्या सायकल दुकानांपुढे रेंगाळण्याची मला जुनी आवड आहे आणि माझं मत वेगळं आहे. काट्याचं भोक ठिगळ आणि सोल्यूशनने बुजतं. ट्यूब कायमची जाते ती व्हॉलच्या बुडाशी फाटली की. तिथे ठिगळ धरत नाही आणि ते फाटणं बहुतेकदा हवा भरणाऱ्या हाताचं असतं.

इतिहास थोडक्यात उरकतो. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. मोटारसायकलला असतो तो श्रेडर व्हॉल त्यानंतरचा.

माझा जीव मात्र साध्या काळ्या सायकलच्या वुड्स व्हॉलवर. एक पोकळ पिन, तिच्या अंगाला बारीक भोक आणि वरून चढवलेली रबरी नळी, म्हणजेच व्हॉल-ट्यूब. स्प्रिंग नाही, काही नाही. पंपाची हवा भोकातून रबर उचलून आत शिरते. दट्ट्या मागे घेतला की आतली हवाच रबर भोकावर दाबून धरते. कोंडलेल्या हवेलाच दाराची राखण! इतकी कमी सामग्री वापरून इतकं नेमकं काम करणारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

हे रबर कायम ताणलेलं असतं, म्हणून उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर तडकतं. ‘उन्हात हवा फुगते’ ही भीती त्यामानाने फार मोठी. पंचवीस अंशांना 45 पौंड भरलेला टायर साठ अंशांपर्यंत तापला तरी दाब सातेक पौंडच वाढतो. मजबूत टायर तो सोसतो. उन्हाळ्याआधी बदलायची ती व्हॉल-ट्यूब. बोटाच्या पेराएवढा तुकडा ओला करून चढवायचा, भोक पुरतं झाकलं पाहिजे.

हे बारकावे इथे महत्त्वाचे आहेत. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळवून दिल्या. 1997 साली सुरू झालेल्या माणदेशी महिला बँकेचं कौतुक सगळे करतात; मला हे सायकलींचं कामही तेवढंच मोलाचं वाटतं. वस्तीवर दुकान नसतं. म्हणून प्रत्येक मुलीला स्वतः हवा भरता आली पाहिजे आणि शाळेतच ते शिकवावं, असा माझा आग्रह आहे.

आधी व्हॉल रिमला काटकोनात आहे का पाहावं. कमी हवेवर सायकल दामटली की ट्यूब रिमवर सरकते, व्हॉल तिरका होतो आणि बुडाशी ताण येतो. तसं दिसलं तर उरलेली हवा सोडून टायर-ट्यूब हाताने सरकवावी. पंपाची नळी लावताना व्हॉल दोन बोटांत धरावा. पंप मारताना नळी ओढली जाऊ नये. थोडी हवा भरून टायर सगळीकडे सारखा बसलाय का ते चाचपावं, मग पुरती भरावी. रिमवरचा नट बोटांनीच आवळावा. पान्ह्याने आवळला तर बुडाचं रबर ताणलं जातं. शेवटी व्हॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावावा. बुडबुडा आला तर व्हॉल-ट्यूब गेली. नाही आला तर टोपण लावावं, नाहीतर माणची धूळ आत बसते.

कॉम्प्रेसरपासून मात्र लांब राहावं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, कॉम्प्रेसर ती काही क्षणांत भरतो, आणि कळायच्या आत ट्यूब फुटते. दुसरा इलाज नसेल तर हवा टप्प्याटप्प्याने सोडायला सांगावं आणि दर वेळी टायर दाबून पाहावा. किती पौंड सोसतो, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं.