गाडी वळत नाही, वीज वळते!

विरारला पोचलेली लोकल परत चर्चगेटला निघताना वळत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची भानगडही नाही. गाडीच्या दोन्ही टोकांना केबिन असते. मोटरमन चर्चगेटकडच्या केबिनमध्ये बसला की झालं! पण डब्यांखालच्या मोटरना कसं कळतं, की आता उलटं फिरायचंय?

आधी खेळण्यातली मोटर बघू. तिला सेल जोडला की ती फिरते. दोन वायरींची अदलाबदल केली की उलटी फिरते. तिच्या आत कायमचं चुंबक असतं. तारेच्या वेटोळ्यातून वीज उलटी वाहिली, की चुंबक वेटोळ्याला उलट्या बाजूला ढकलतं. सोपं आहे की!

मग लोकललाही असंच करत असतील? अंहं. विरारपर्यंत विजेची गाडी आली १९३६ साली, १५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. त्या गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक नव्हतंच. त्याच्या जागी विद्युतचुंबक, आणि वेटोळ्यातली वीजच त्याच्यातूनही वाहायची. आता वायरी बदलून बघा. वेटोळ्यातली वीज उलटली, चुंबकाची टोकंही उलटली. वजा गुणिले वजा म्हणजे अधिक! मोटर आपली पहिल्याच दिशेला फिरत राहणार. म्हणून ‘रिव्हर्सर’ नावाचा स्विच दोहोंपैकी एकाचीच वीज उलटवायचा. मला तर ही युक्ती भारीच आवडते.

पण १५०० व्होल्टचा स्विच हाताने कोण दाबणार? आणि मोटर तर गाडीभर विखुरलेल्या. इथे कामाला येतो रिले. त्यात एक छोटं विद्युतचुंबक असतं. त्याला थोडीशी वीज दिली की ते लोखंडी पट्टी ओढून घेतं, ‘टिक्’ आवाज होतो आणि दुसरा, मोठ्या विजेचा रस्ता जोडला जातो. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५च्या सुमारास हे करून दाखवलं. फ्रँक स्प्रेगने १८९७ मध्ये शिकागोत हीच कल्पना वापरून एका केबिनमधून सगळ्या डब्यांच्या मोटर चालवल्या. आपली लोकल त्याच घराण्यातली. पश्चिम रेल्वेवरची डीसी वीज २०१२ मध्ये गेली. आताच्या मोटरची दिशा इलेक्ट्रॉनिक्स बदलतं.

आता तुमची पाळी. ६ व्होल्टचे दोन पाच पायांचे रिले, ६ व्होल्टची खेळण्यातली मोटर, चार पेन्सिल सेल आणि दोन पुशबटणं हवीत. वसईत मिळाली नाहीत तर मोठ्यांबरोबर लोकलने ग्रँट रोडला उतरा. जवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं.

रिलेचे दोन पाय आतल्या वेटोळ्याचे. उरलेल्या तिघांपैकी एक ‘कॉमन’. तो एरवी ‘एनसी’ला चिकटलेला असतो, वीज दिली की ‘एनओ’ला चिकटतो. दोन्ही रिलेंचे एनसी सेलच्या वजा टोकाला जोडा, दोन्ही एनओ अधिक टोकाला. मोटरची एक वायर पहिल्या रिलेच्या कॉमनला, दुसरी दुसऱ्याच्या. प्रत्येक वेटोळ्याचा एक पाय वजाला, दुसरा आपापल्या बटणातून अधिकला.

काहीच दाबलं नाही, तर मोटरच्या दोन्ही वायरी वजावर, म्हणून ती गप्प. पहिलं बटण दाबा: टिक्! मोटर एकीकडे फिरते. ते सोडून दुसरं दाबा: टिक्! उलटीकडे. प्रयोग फक्त सेलवर करायचा. घरातल्या प्लगच्या विजेला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आणि दोन्ही बटणं एकदम दाबली तर? मोटर फिरेल, थांबेल, की सेल तापतील? वायरींवरून बोट फिरवून आधी उत्तर वहीत लिहा, मगच बटणं दाबा.