मातीचा काळा रंग

वसई तालुक्यात गिरीज नावाचे गाव आहे. वसईचा हा पश्चिम पट्टा केळी, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा वाडीत केळीखालची मूठभर माती हातात घेऊन पाहा. ती काळसर आणि मऊ लागते. पालापाचोळा व शेणखत कुजून जो काळा पदार्थ मातीत मिसळतो, त्याला ह्यूमस म्हणतात. तो पाणी धरून ठेवतो आणि पिकांची अन्नद्रव्ये वाहून जाऊ देत नाही.

हा पदार्थ कशाचा बनलेला असतो? इ. स. १७८६ मध्ये आखार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर अल्कलीच्या द्रावणात भिजवला. द्रावण काळे झाले. त्यात आम्ल टाकताच काळा साका तळाशी बसला. या साक्याला आज ह्यूमिक आम्ल म्हणतात. आम्ल टाकल्यावरही जो भाग विरघळलेला राहतो, ते फल्विक आम्ल होय.

पुढे शास्त्रज्ञ याचा रेणुभार मोजू लागले. पाण्याचा रेणुभार १८, साखरेचा ३४२. ह्यूमिक आम्लाचा मात्र कधी काही हजार, तर कधी काही लाख येई! असे का व्हावे?

रेणूंचा आकार मोजण्यासाठी सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रावण सोडतात. लहान रेणू छिद्रांत शिरून रेंगाळतात. मोठे रेणू आत मावत नाहीत, म्हणून ते आधी बाहेर पडतात. इ. स. १९९६ मध्ये इटलीच्या पिक्कोलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूमिक पदार्थांवर सेंद्रिय आम्लांचा परिणाम तपासला. सिरक्यात असते ते ॲसिटिक आम्ल याच प्रकारचे. अशा सौम्य आम्लाने मोठे वाटणारे रेणू लहान रेणूंसारखे वागू लागले. रेणूतील पक्के बंध इतक्या सहज तुटत नाहीत. तेव्हा ह्यूमिक आम्ल हा एक अवाढव्य रेणू नसून लहान रेणूंचा सैल जमाव असावा, असे पिक्कोलो यांनी मांडले.

वाद येथेच संपला नाही. अल्कलीने काढलेला पदार्थ मातीत मुळात तसाच असतो का, असा प्रश्न लेहमन व क्लेबर यांनी इ. स. २०१५ मध्ये उपस्थित केला.

मित्रांनो, मातीची काळजी घेण्यासाठी मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाचोळा जाळला, तर त्यातील बहुतेक कार्बन हवेत निघून जातो. तोच खड्ड्यात कुजवला, तर काही भाग मातीला मिळतो. वाडीची काळी माती पिढ्यांच्या मेहनतीने तयार होते. ती गमवायला एक दिवसही पुरतो. मग तुमच्या अंगणातील पाचोळ्याचे तुम्ही काय कराल?