राखीव झालं म्हणजे गाव उठलं?

"जंगल राखीव झालं की गाव उठलंच म्हणून समजा." सह्याद्रीचा विषय निघाला आणि कुणी 'बायोस्फिअर रिझर्व्ह' म्हटलं, की हे वाक्य ठरलेलं. कधी सरपंच म्हणतात, कधी काजू-आंब्याचे बागायतदार, कधी निवृत्त मास्तर. शहरातले काही निसर्गप्रेमीही हेच म्हणतात, फक्त त्यांच्या सुरात समाधान असतं. एकाला भीती, दुसऱ्याला आशा. समजूत मात्र दोघांची एकच, की अशा क्षेत्रात माणसाला जागा नसते.

असते. माणसाला जागा नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

मूळ कागद बघू. युनेस्कोचा 'मॅन अँड द बायोस्फिअर' कार्यक्रम 1971 मध्ये सुरू झाला. पहिली जीवावरण राखीव क्षेत्रं, म्हणजे बायोस्फिअर रिझर्व्ह, 1976 मध्ये जाहीर झाली आणि 1995 मध्ये त्यांची नियमावली मंजूर झाली. या नियमावलीत क्षेत्राची कामं तीन सांगितली आहेत: निसर्ग राखणं, माणसांचा टिकाऊ विकास साधणं आणि संशोधन-शिक्षणाला हातभार लावणं. दुसरं काम पुन्हा वाचा. विकास हा तिथे नाइलाजाने दिलेली सवलत नसून क्षेत्राच्या हेतूचाच भाग आहे. कलम 4 मध्ये पात्रतेचे निकष आहेत. क्षेत्र आखताना आणि चालवताना स्थानिक लोकांना सहभागी करून घेण्याची व्यवस्था हवी, हा त्यातलाच एक.

जमिनीची आखणी तीन पट्ट्यांत होते. मधला गाभा, म्हणजे कोअर, कायद्याने संरक्षित असावा लागतो. त्याभोवतीच्या बफर पट्ट्यात गाभ्याला बाधा न आणणारे व्यवहार चालतात. बाहेरचा संक्रमण पट्टा हा गावं, शेती, मासेमारी आणि उद्योगधंद्यांचा. गोंधळ होतो तो इथेच, कारण 'कोअर' आणि 'बफर' हे शब्द आपण व्याघ्र प्रकल्पांमुळे ऐकलेले असतात. मेळघाटातली गावं हलवली गेली हे खरं आहे. पण व्याघ्र प्रकल्प येतो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. जीवावरण राखीव क्षेत्रासाठी भारतात वेगळा कायदाच नाही. ती केंद्राच्या योजनेखाली जाहीर होतात. ज्या पाटीमागे स्वतःचा कायदा नाही, ती पाटी गाव कशी उठवणार? हा प्रश्न मी विचारतो, तेव्हा पुढचं वाक्य हमखास असतं: "ते सगळं कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे."

ठीक आहे, प्रत्यक्षातलंच पाहू. त्यासाठी कॅनडाच्या उत्तरेला जावं लागेल.

नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये ग्रेट बेअर लेक नावाचं सरोवर आहे. विस्तार सुमारे 31 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला सगळा कोकण विभाग त्यात जेमतेम मावेल. आर्क्टिक वृत्त याच सरोवरावरून जातं. भोवती तैगा, म्हणजे स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांचं विरळ, बुटकं, थंडीने आखडलेलं जंगल. त्यात मूस, कस्तुरीबैल आणि कॅरिबू जातीची हरणं. हे सरोवर आणि त्याच्या पाणलोटाचा काही भाग मिळून मार्च 2016 मध्ये 'त्सा तुए' जीवावरण राखीव क्षेत्र झालं. क्षेत्रफळ 93 हजार चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे जवळजवळ विदर्भाएवढं. आणि त्यात गाव एकच, देलिने. वस्ती साधारण 600, बहुतेक साहतू भागातले डेने आदिवासी.

गाव उठवायचंच असतं, तर यापेक्षा सोपी जागा कुठली? सहाशे माणसं, बारमाही रस्ता नाही, आजूबाजूला दूरदूरवर कुणी विचारणारं नाही. पण कुणीही उठलं नाही, कारण राखीव क्षेत्र करा ही मागणीच गावाची होती. आदिवासी समाजाच्या नेतृत्वाखालचं जगातलं पहिलं जीवावरण क्षेत्र असा त्सा तुएचा उल्लेख होतो.

गावाला हे का हवंसं वाटलं, याचं उत्तर सरोवराच्या पूर्व काठावर आहे. तिथे 1930 च्या दशकात पोर्ट रेडियमची खाण सुरू झाली. आधी रेडियमसाठी, मग युद्धकाळात युरेनियमसाठी. हे युरेनियम अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पाला, म्हणजे अणुबॉम्बच्या कामाला गेलं. खनिजाची पोती बोटींवर चढवायची, उतरवायची, पुन्हा चढवायची, हे काम डेने पुरुषांनी केलं. त्या पोत्यांत काय आहे आणि त्याने काय होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. खाणीचा गाळ सरोवरात गेला. 1998 मध्ये गावाचे प्रतिनिधी हिरोशिमाला जाऊन बॉम्बच्या झळा सोसलेल्यांना भेटले. आपण पाठीवरून वाहिलेलं ओझं कुठे जाऊन पडलं, हे त्यांना काही दशकांनी कळलं होतं.

निर्णय बाहेरच्यांनी घ्यायचे आणि ओझी गावाने वाहायची, हा अनुभव एवढा जवळचा असल्यावर गाव पाटीच्या मागे लागलं नाही, आधी हक्कांच्या मागे लागलं. क्रम बघण्यासारखा आहे. 1993 मध्ये साहतू भागातल्या डेने आणि मेती लोकांचा कॅनडा सरकारशी जमिनीचा करार झाला. 41 हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जमिनीची मालकी त्यांच्याकडे आली आणि कराराच्या संपूर्ण प्रदेशात बारा महिने शिकार-मासेमारीचा हक्क मान्य झाला. 2005 मध्ये सरोवराच्या पाणलोटाची व्यवस्थापन योजना तयार झाली, तीत गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी शास्त्रज्ञांच्या नोंदींच्या बरोबरीने आल्या. 2009 मध्ये साओयू-एहदाचो या सरोवरात घुसलेल्या दोन पवित्र भूशिरांच्या कायम संरक्षणाचा करार झाला. युनेस्कोची मान्यता आली ती यानंतर. आणि त्याच वर्षी, 1 सप्टेंबर 2016 रोजी, गावाचं स्वशासन सुरू झालं, ज्यात आदिवासी परिषद आणि गावची सार्वजनिक सत्ता एकाच सरकारात आली. त्याच्या वाटाघाटी सुमारे वीस वर्षं चालल्या होत्या.

म्हणजे कायदा आधी, पाटी नंतर. हा क्रम आपल्याकडे कुणी सांगत नाही, याचाच मला राग येतो. पाटीला घाबरणारे आणि पाटीवर भाळणारे, दोघंही तिच्या मागे कुठला कायदा उभा आहे हे बघायचं सोडून देतात.

आता शहरी मित्रांचा आक्षेप: "शिकार चालते, मग संरक्षण कसलं?" देलिनेचं जगणंच शिकार आणि मासेमारीवर आहे. हिवाळ्यात सरोवर गोठलं की बर्फाला एका रांगेत भोकं पाडतात. लांब काठी एका भोकातून दुसऱ्याकडे सरकवत दोरी ओढून घेतात आणि त्या दोरीमागे जाळं बर्फाखाली पसरतं. ट्राउट आणि व्हाइटफिश मिळतात, ते चिरून, धुरावर सुकवून ठेवतात. हे काम बंद केलं तर गावाने खायचं काय? दुकानात येणारा माल विमानाने येतो, किंवा थंडीतले काही आठवडे बर्फावरचा रस्ता चालू असेल तेव्हा ट्रकने.

कॅरिबूचं प्रकरण अधिक अवघड होतं. या भागातला ब्ल्यूनोज-ईस्ट हा कळप 2010 मध्ये लाखाच्या वर होता, 2018 च्या गणनेत तो वीस हजारांच्या आत आला. घसरण दिसू लागल्यावर सरकारी यंत्रणेचा रोख कोटा ठरवून टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, वाटण्याकडे होता. देलिनेने स्वतःची योजना मांडली: किती मारायचे त्याची मर्यादा गावाची, माद्या वाचवून भर नरांवर, आणि नियम पाळले जातात का ते बघायला गावाचीच माणसं. 1993 च्या जमीन करारातून जन्मलेल्या सह-व्यवस्थापन मंडळाने 2016 मध्ये देलिनेतच खुली सुनावणी घेतली आणि गावाची योजना उचलून धरली. कळपाचं दुखणं त्याने संपलं असं कुणी म्हणत नाही. उत्तरेत इतरही कॅरिबू कळप घटले आहेत आणि त्याची कारणं एका गावाच्या बंदुकीत नाहीत. पण शिकारी असलेल्या समाजानेच शिकारीला लगाम घातला, ही गोष्ट 'माणूस बाहेर, निसर्ग आत' या हिशेबात बसत नाही. म्हणून ती ऐकायला कुणी उत्सुक नसतं.

'ते सगळं कागदावर' म्हणणाऱ्या शंकेखोरांवर मात्र मी अन्याय करू नये. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. उत्तराखंडातलं नंदादेवी घ्या. त्या खोऱ्यातल्या रेणी गावात 1974 मध्ये गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना कवेत घेऊन ठेकेदाराची माणसं परतवली. चिपकोचं नाव जगभर गेलं ते या घटनेने. पुढे 1982 मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतला भाग बंद झाला: मेंढ्यांची चराई गेली, औषधी वनस्पती गेल्या, गिर्यारोहकांबरोबर मिळणारी हमालीची मजुरीही गेली. ज्यांनी जंगल वाचवलं, त्यांनाच दाराबाहेर उभं केलं. 1988 मध्ये त्यावर जीवावरण क्षेत्राची पाटी लागली. दहा वर्षांनी, 1998 मध्ये, लाता गावच्या लोकांनी 'झपटो-छीनो' आंदोलन करत बंद गाभ्यात पाऊल टाकलं. आता नीट बघा: दार बंद केलं कुणी? राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्याने. जीवावरण क्षेत्राच्या पाटीने ते बंद केलं नाही, आणि उघडलंही नाही. देलिने आणि लाता यांच्यातला फरक युनेस्कोत सापडत नाही. तो सापडतो जमीन आणि जंगलावरच्या हक्काच्या कागदांत.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो, त्यांत फार दम नाही.

युनेस्को जमीन ताब्यात घेते? नाही. नियमावलीचं कलम 2 म्हणतं की क्षेत्रावर सार्वभौम अधिकार त्या त्या देशाचाच; आणि एखाद्या देशाला नको असेल तर तो बाहेर पडतो, अमेरिकेने 2017 मध्ये एका दमात 17 क्षेत्रं काढून घेतली.

युनेस्कोकडून दरवर्षी पैसा येतो? ठरलेलं वार्षिक अनुदान नसतं.

जागतिक वारसा स्थळ आणि हे एकच? नाही. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या वारसा स्थळांत आली ती 1972 च्या वेगळ्या करारानुसार.

महाराष्ट्रातही असं क्षेत्र आहे? देशात 18 जीवावरण राखीव क्षेत्रं आहेत, महाराष्ट्रात एकही नाही. जे झालेलंच नाही त्याच्या नावाने गावोगाव जो घसा कोरडा पडतो, त्याचं मला खरोखर नवल वाटतं.

एकदा पाटी लागली की कायमची? नाही. दर दहा वर्षांनी आढावा होतो. त्सा तुएची दहा वर्षं 2026 मध्ये भरतात.

तेव्हा उद्या कुणी गावात येऊन "तुमचं क्षेत्र राखीव होतंय" असं सांगितलं, तर घाबरूही नका, हार-तुरेही आणू नका. अधिसूचना मागा. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, कोणते गट नंबर, आणि वनहक्क कायद्याखालचे तुमचे दावे निकाली निघाले का, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.