पट्टीचा स्पर्श: मिडी कीबोर्ड निवडताना काय पाहावं?

आज आपण ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत, तिला वाद्य म्हणावं का, इथूनच वाद आहे. कारण तिला स्वतःचा आवाजच नाही. ती वस्तू म्हणजे मिडी कीबोर्ड कंट्रोलर. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात पियानो शिकणारं मूल असो, की घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करू पाहणारा भजनी मंडळातला पेटीवादक, बहुतेक घरांत यासाठी पैसे एकदाच निघतात. म्हणून निवड नीट समजून घेऊ.

मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6, केबलने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. या भाषेत प्रत्यक्ष सूर जात नाही, निरोप जातो: कुठली पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली. आवाज तयार होतो संगणकात किंवा फोनमध्ये. आता विचार करा. तो आवाज उद्या बदलता येईल, सॉफ्टवेअरही बदलता येईल. पट्टीचा स्पर्श मात्र घेतला तसाच राहणार. म्हणजे पैसे आपण मुख्यतः स्पर्शाचे मोजतो. दुकानात लक्ष जातं ते मात्र रंगीत दिव्यांकडे आणि बटणांकडे.

यंत्राला बोटाचा जोर कळतो कसा? प्रत्येक पट्टीखाली साधारणपणे दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी, तितका वेग जास्त. त्यावरून 1 ते 127 मधला एक आकडा पुढे जातो. पट्टी फार हलकी किंवा ढिली असेल, तर हाताला मधले आकडे सापडत नाहीत; वाजतं ते एकदम हळू नाहीतर एकदम मोठं. काही महागड्या कीबोर्डांत तीन संपर्क असतात, तिथे पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा वाजवता येतो.

पट्ट्यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला सिंथ ॲक्शन: आत फक्त स्प्रिंग, पट्टी हलकी आणि चपळ. दुसरा सेमी-वेटेड: स्प्रिंग जरा ताठ, बहुधा पट्टीला थोडं वजनही जोडलेलं. तिसरा हॅमर ॲक्शन: पियानोतल्या हातोडीसारखी वजनदार तरफ प्रत्येक पट्टीमागे.

यातला चांगला कुठला? इथे तत्त्वज्ञानाच्या वर्गातली एक गोष्ट उपयोगी पडते. मोरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच विचारवंताने 1945 च्या आपल्या ग्रंथात ऑर्गनवादकाचं उदाहरण दिलंय. अनोळखी ऑर्गनवर तासभर सराव केला की तो कार्यक्रमाला तयार होतो. तो नकाशा पाठ करत नाही. त्याचं शरीर त्या वाद्यात राहायला शिकतं. म्हणून आमचं म्हणणं असं की ‘चांगली पट्टी’ हा प्रश्न ‘कुणाच्या हाताला?’ हे विचारल्याशिवाय सुटत नाही.

पियानो शिकणाऱ्या मुलाच्या बोटांना हातोडीच्या वजनाची सवय व्हायला हवी. पण हॅमर ॲक्शन बहुतेक 88 पट्ट्यांच्या कीबोर्डात येते. मध्यम आकारात चांगली सेमी-वेटेड हीच व्यवहार्य तडजोड.

पेटीवादकाचं गणित वेगळं. पेटीत पट्टी म्हणजे हवेचं दार. ती कशीही दाबा, आवाज लहान-मोठा करतो तो भाता. त्यामुळे त्याच्या द्रुत तानांना हलकी पट्टीच बरी. त्याने पाहावं ते एक्सप्रेशन पेडल जोडायची सोय आहे का. तोच त्याचा नवा भाता, फक्त हाताऐवजी पायात. दुसरं, पिच-बेंडचं चाक. ऑल इंडिया रेडिओवर 1940 पासून सुमारे तीन दशकं पेटीला बंदी होती. एक मोठा आक्षेप हा की पेटीतून मींड निघत नाही. या चाकाने एकेका सुराची मींड बऱ्यापैकी काढता येते.

आकाराचं बोलू. पियानोच्या मापाची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. त्या हिशेबाने 49 पट्ट्यांना सुमारे 68 सेंटिमीटर लागतात, 61 ना 85, आणि 88 ना 122. शिवाय बाजूची चौकट. बदलापूरहून सीएसएमटी लोकलने 68 किलोमीटर. गर्दीत नेणं असेल, तर 61 ही वरची मर्यादा समजा. पेटीच्या साडेतीन सप्तकांना 49, म्हणजे चार सप्तकं, पुरतात. दोन्ही हातांनी पियानो वाजवणाऱ्याने 61 च्या खाली जाऊ नये.

धोबी तलावला दुकानात जाल तेव्हा इतकं नक्की करा. आवाज बंद ठेवून वाजवा. पट्ट्यांची खडखड ऐकू येईल, आणि रात्री घरच्यांनाही तीच ऐकू येणार आहे. पांढरी पट्टी काळ्या पट्ट्यांच्या मधे, अगदी आत दाबा. तरफ आखूड असेल तर तिथे ती जड लागते. एकच सूर अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत चढवत न्या. मधे उडी जाणवली तर आधी वेलॉसिटी कर्व्हची सेटिंग बदलून पाहा. पट्टी बाजूला हलते का, तेही बघा.

शेवटी एक सावधगिरी. घरी आणल्यावर सूर उशिरा आला तर पट्टीला दोष देऊ नका. संगणकातला बफर 512 नमुन्यांचा असेल तर तेवढ्यानेच सुमारे 12 मिलिसेकंद जातात. 128 वर आणला की 3 उरतात. ब्लूटूथ हेडफोन तर सरावाला नकोच, वायरचा घ्या.

आणि ज्याच्यासाठी घेताय, त्याला दुकानात बरोबर न्या. बोटं त्याची आहेत.

आता प्रश्न घेऊ.