एक डोळा, दोन विमे

अमेरिकेत माणसाचा डोळा दोन विम्यांमध्ये वाटलेला असतो. काचबिंदू निघाला, बुबुळाला जखम झाली, मधुमेहाने आतला पडदा खराब होऊ लागला, तर तो डोळा आरोग्यविम्याचा. त्याच डोळ्याला फळ्यावरचं दिसेनासं झालं किंवा चाळिशी लागली, की तो आरोग्यविम्याचा उरत नाही. त्यासाठी निराळा ‘व्हिजन इन्शुरन्स’ घ्यायचा, त्याचं कार्ड निराळं आणि डॉक्टरांची यादीही निराळी.

ही वाटणी कायद्यातसुद्धा आहे. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याने नुसत्या डोळ्यांच्या आणि दातांच्या मर्यादित विम्याला मुख्य आरोग्यविम्याच्या अनेक नियमांमधून सूट दिली. २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा आला, त्याने लहान मुलांची नेत्रतपासणी आवश्यक सेवांमध्ये घातली, मोठ्यांची मात्र नाही. नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विम्याच्या यादीत नसलेल्या, डॉक्टरचं अवाच्या सवा बिल अचानक अंगावर येऊ नये म्हणून २०२२ पासून एक कायदा लागू झाला. नुसत्या दृष्टिविम्याला तोही लागू नाही.

आता या नेटवर्कमागे कोण आहे, ते पाहा. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला काही ऑप्टोमेट्रिस्ट एकत्र आले आणि त्यातून आजची ‘व्हीएसपी’ ही व्हिजन विम्याची कंपनी उभी राहिली. म्हणजे हा विमा सुरू केला तो डोळे तपासणाऱ्यांनीच. तिची प्रतिस्पर्धी ‘आयमेड’ ही एस्सिलोरलक्सॉटिकाच्या मालकीची. याच समूहाकडे रे-बॅन आणि ओकलीच्या फ्रेम आहेत, व्हेरिलक्सच्या काचा आहेत आणि लेन्सक्राफ्टर्सची दुकानंही आहेत. फ्रेम त्यांची, काच त्यांची, दुकान त्यांचं, आणि दुकानात तुम्ही काढता ते विम्याचं कार्डही त्यांचंच! व्हीएसपीही मागे नाही. मार्चॉन ही फ्रेमची कंपनी आणि व्हिजनवर्क्सची दुकानं तिच्याकडे आहेत. आपल्या वर्षानुवर्षांच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी नेटवर्कबाहेर पाऊल टाकणारा माणूस खरं तर या एवढ्या मोठ्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकत असतो.

तसं पाऊल टाकता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. बहुतेक योजना नेटवर्कबाहेरच्या बिलाचाही काही भाग परत देतात. काउंटरवर सगळे पैसे आधी आपण भरायचे. मग तपासणी, फ्रेम, काचा असं सुटं सुटं लिहिलेलं बिल मागून घ्यायचं, कारण नुसती क्रेडिट कार्डाची पावती चालत नाही. ते बिल फॉर्मसोबत कंपनीला पाठवायचं, मुदतीच्या आत. बिलावर प्रत्येक गोष्टीला सांकेतिक क्रमांक असतो: चष्म्याचा नंबर काढण्याला ९२०१५, फ्रेमला व्ही२०२०. नंबर काढणं हे डोळे तपासण्याहून वेगळं काम धरलेलं आहे.

परत किती मिळतं? व्हीएसपीच्या अनेक योजनांमध्ये तपासणीला जास्तीत जास्त ४५ डॉलर, फ्रेमला ७० आणि एका नंबरच्या साध्या काचांना ३० असे दर दिसतात. कल्पनेतलं एक बिल घेऊ. तपासणी १२०, फ्रेम १८०, काचा १००, एकूण ४००. परत आले १४५, खिशातून गेले २५५. हेच नेटवर्कमध्ये केलं असतं तर? तपासणीचे १० आणि चष्म्याचे २५ हा ठरलेला वाटा (साध्या काचा त्यातच), फ्रेमचे १५० पर्यंत कंपनीकडे, वरच्या ३० वर वीस टक्के सूट, म्हणजे सगळे मिळून ५९. महिना १२ डॉलर हप्ता धरला तर वर्षाचे १४४ होतात. नेटवर्कबाहेर जाणाऱ्याला वर्षभर भरलेले पैसे परत मिळाले आणि वर एक डॉलर नफा! हा विमा कमी आणि भिशी जास्त आहे, असं माझं मत याच आकड्यांमुळे झालं. विमा संकटासाठी असतो. इथे चष्मा लागणार हे कंपनी आणि गिऱ्हाईक दोघांनाही आधीच ठाऊक असतं. उरलेले २५५ नोकरीतल्या ‘एफएसए’ खात्यातून, म्हणजे कर कापला जाण्याआधीच्या पैशातून भरता येतात. पण फक्त २५५. जे परत मिळाले ते पुन्हा तिथून काढायचे नाहीत.

मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. व्हिजन विम्याच्या यादीत नसलेला डॉक्टर तुमच्या आरोग्यविम्याच्या यादीत असू शकतो. तीच खुर्ची, तेच यंत्र, तेच डॉक्टर. मग बिल कुणाकडे जायचं? ते पुष्कळदा तुम्ही कशासाठी आलात यावर ठरतं. ‘नंबर तपासायचाय’ म्हणालात तर व्हिजन विमा, आणि डॉक्टर नेटवर्कबाहेरचे. ‘कालपासून डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगताहेत, मध्येच वीज चमकल्यासारखं होतं’ म्हणालात तर आरोग्यविमा, आणि तेच डॉक्टर नेटवर्कमधले. (पडदा सुटण्याची ही लक्षणं असू शकतात, तेव्हा विम्याचा विचार नंतर, डॉक्टर आधी.) मधुमेह असणाऱ्याची दरवर्षीची पडद्याची तपासणीही सहसा आरोग्यविम्यातच बसते. बाहुली थेंबांनी मोठी केली की शरीराला कुठेही न कापता रक्तवाहिन्या डॉक्टरांना यंत्रातून थेट दिसतात, आणि साखरेने केलेलं नुकसान तिथे दिसतं. इतकं सगळं एका विम्याने भरलं तरी त्याच भेटीत नंबर काढला असेल तर त्या ९२०१५ चे पैसे बहुधा तुमच्याकडेच मागतील. वयस्करांचा सरकारी मेडिकेअरही नंबर काढण्याचे पैसे देत नाही आणि एरवी चष्म्याचेही नाही. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर मात्र एका चष्म्याचा बराचसा खर्च उचलतो.

तपासणी झाली की एक कागद मात्र पूर्णपणे तुमचा. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७८ च्या नियमामुळे नंबर काढल्यावर तो कागद रुग्णाला न मागता आणि वेगळे पैसे न घेता द्यावाच लागतो. त्याआधी काही डॉक्टर तो अडवून ठेवत, म्हणजे चष्माही त्यांच्याकडेच करावा लागे. आता तो घेऊन समोरच्या दुकानात जा, ऑनलाइन मागवा, किंवा न्यू जर्सीची आपली मंडळी करतात तसं सुट्टीत पुण्याला आल्यावर दोन चष्मे करून घ्या; नंबराचं माप, म्हणजे डायॉप्टर, सगळीकडे सारखंच. दोन बाहुल्यांमधलं अंतर त्या कागदावर लिहिण्याची सक्ती मात्र केंद्राच्या नियमात नाही. ते नसेल तर तिथेच मागून पाहावं. ऑनलाइन दुकानाला ते लागतंच, पुण्याचा चष्मेवाला स्वतः मोजून घेईल.