दुखण्याचा उंबरठा आणि स्नायूंचा ताण

अमरावती-अकोल्याकडच्या दवाखान्यांत सकाळी हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "डॉक्टरसाहेब, कंबर लय धरते." त्यामागोमाग दुसरे येते, "दुखते म्हणून मी हालतच नाही." पहिल्या वाक्यात दुखणे आहे, दुसऱ्यात बहुधा ते वाढण्याचे कारण. हालचाल थांबली की सांधे आखडतात, स्नायू दुबळे होतात आणि मग दोन पायऱ्या चढणेही जड जाते. हे चक्र मोडण्यास स्नायूंना दिलेला नियमित, सौम्य ताण कितपत उपयोगी पडतो, ते पाहू.

वऱ्हाडाला व्यायाम नवा नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. तरीही व्यायाम हे तरुणांचे काम, अशी समजूत घरोघरी आहे. ताणाच्या व्यायामाला मात्र आखाडा लागत नाही. एक पक्की खुर्ची आणि भिंत पुरते.

स्नायू लांबतो की मेंदू शिकतो?

काही आठवडे असा व्यायाम केल्यावर शरीर अधिक सहज वाकते. स्नायू लांब झाला, असे आपल्याला वाटते. २०१० मध्ये वेप्लर आणि मॅग्नुसन या अभ्यासकांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन वेगळे मत मांडले. त्यांच्या मते, काही आठवड्यांच्या सरावाने स्नायूची लांबी फारशी बदलत नाही. बदलते ती ताणाची जाणीव. ज्या टप्प्यावर मज्जासंस्था पूर्वी 'पुरे' म्हणत होती, तो टप्पा पुढे सरकतो.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ योगाभ्यास करणाऱ्यांनी वेदना इतरांच्या दुपटीहून अधिक वेळ सहन केली. अर्थात योगात श्वास आणि एकाग्रताही असते. सगळे श्रेय ताणाला देता येणार नाही. शिवाय असे प्रयोग बहुतांशी निरोगी माणसांवर झालेले आहेत. म्हणून संधिवात याने बरा होईल, असे मी म्हणणार नाही. हालचालीची भीती मात्र कमी होऊ शकते, आणि उतारवयात तोही मोठा लाभ आहे.

कसे करावे?

थोडे चालून किंवा कोमट पाण्याने अंघोळ करून अंग मोकळे झाल्यावर सुरुवात करावी. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा व टाच जमिनीवर ठेवावी. पोटरीला ताण बसतो. खुर्चीच्या कडेशी बसून एक पाय पुढे सरळ करावा आणि पाठ ताठ ठेवून किंचित पुढे झुकावे. मांडीच्या मागच्या बाजूला ताण बसतो. ज्येष्ठांनी प्रत्येक ताण ३० ते ६० सेकंद धरावा. आठवड्यातून किमान दोन दिवस, जमल्यास रोज करावे. श्वास कोंडू नये, हिसका देऊ नये. ओढ जाणवावी, कळ येऊ नये.

सराव सुटला की लाभही ओसरतो. त्यामुळे एका दिवशी तासभर घाम गाळण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे बरी.

सांभाळ कुठे?

हाडे ठिसूळ असल्यास कमरेतून वाकण्याचे प्रकार टाळावेत. सांधा बदललेला असल्यास शल्यचिकित्सकांना आधी विचारावे. मधुमेहात पायाची संवेदना बधिर होते. ती सहनशक्ती नव्हे, धोका आहे. पडल्यानंतरचे दुखणे, पायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, छातीतून हाताकडे जाणारी कळ, यांपैकी काहीही असल्यास व्यायाम नव्हे, तातडीने डॉक्टर गाठावा.

आणखी एक. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत शरीरातले पाणी कमी झालेले असताना मनाने घेतलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडांना इजा करू शकते. दुखले की गोळी, ही सवय ज्यांना आहे, त्यांनी ती कमी करण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

घरच्यांना विनंती एवढीच : आई-बाबांचा पाय स्वतः ओढू नका, 'आणखी थोडे' म्हणून भरीस घालू नका. शेजारी उभे राहा, खुर्ची घट्ट धरा आणि सेकंद मोजा. कुठवर ताणायचे, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.