कणांच्या सीमेवर अडणारी वीज

तापलेल्या झिर्कोनिया सिरॅमिकमधून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे नव्हे, तर ऑक्सिजनच्या आयनांमुळे. शुद्ध झिर्कोनियात या आयनांना हलायला जवळजवळ जागाच नसते. त्यात सुमारे ८ मोल टक्के इट्रिया मिसळली, की चार धनभारांच्या झिर्कोनियमच्या जागी तीन धनभारांचे इट्रियम बसते. भारांचा तोल राखण्यासाठी दर दोन इट्रियम आयनांमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. शेजारचा आयन तिथे उडी मारतो, त्याची जागा मोकळी होते आणि प्रवाह सुरू राहतो. घन ऑक्साइड इंधनघट याच तत्त्वावर चालतात.

भट्टीत भाजलेले सिरॅमिक म्हणजे असंख्य सूक्ष्म स्फटिककणांची घट्ट वीण. कणाच्या आत अणूंची मांडणी सलग असते. दोन कण भेटतात तिथे ती मोडते. या सीमेच्या गाभ्यात धनभार साठतो आणि तो रिकाम्या जागांना दूर लोटतो. कच्च्या मालातील सिलिकाही इथेच काचेसारखा पातळ थर धरते. त्यामुळे आयनांना सीमा ओलांडणे जड जाते.

कण मोठे केले तर वाटेतल्या सीमा कमी होतात, पण सिरॅमिकची ताकद घटते. म्हणून कच्च्या मालाची शुद्धता महत्त्वाची. थोडी ॲल्युमिना मिसळल्यास ती सिलिका गोळा करते आणि सीमा मोकळ्या होतात. १००० अंश सेल्सिअसच्या आसपास सीमांचा अडथळा फारसा जाणवत नाही. तापमान उतरते तसा तोच वरचढ ठरतो. कमी तापमानावर चालणाऱ्या घटांसाठी कणरचना म्हणूनच निर्णायक असते.